बेसन, खरपुडी आणि स्टीलचा पॅन

(या भागात बोललो ते जवळपास जसंच्या तसं लिहून काढलंय. मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ तेवढे गाळलेत. ऐकायला वेळ नसेल तर वाचा.)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. “दादा, रूमवर स्वयंपाक सुरू करतोय. पॅन कोणता घेऊ? स्टीलचा चिकटते म्हणतात.” साधा प्रश्न. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की हे मेसेजमध्ये मावणारं प्रकरण नाही. कारण याच पॅनपायी आमच्या घरी मागच्या वर्षी लय रामायण झालं.

आधी थोडं माझ्याबद्दल. घर अकोल्याचं, जठारपेठेतलं. बीटेक अमरावतीच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून. आता नोकरी पुण्याच्या एका कंपनीत, पण काम घरून. बायको अमरावतीत बँकेत आहे म्हणून राहतो अमरावतीला. शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, मूर्तिजापूर मागे पडलं की भूक लागायला सुरुवात होते, आणि अकोल्याला पोचेपर्यंत आईने बेसन टाकलेलं असतं. जे आपल्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: वऱ्हाडात झुणक्या-पिठल्याला आम्ही सरळ बेसनच म्हणतो. बेसन-भाकर. पातळही करतात, घट्टही करतात. आमच्या घरचं घट्ट.

आता घट्ट बेसनाची खरी मजा वर नसते, बुडाला असते. कढईला धरलेला तो तांबूस, थोडा जळका, कुरकुरीत पापुद्रा. खरपुडी. ती सराट्याने, म्हणजे तुमच्या उलथन्याने, खरवडून काढायची. लहानपणी मी आणि ताई खरपुडीवरून भांडायचो आणि बाबा भांडण सोडवण्याच्या नावाखाली अर्धी स्वतःच खायचे.

२०२१ मध्ये बाबांची ॲंजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा. वऱ्हाडी घरात हे वाक्य म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच आठवड्यात मी हिरोगिरी करत नॉनस्टिक कढई आणि तवा घेऊन आलो. एका चहाच्या चमच्यात भाजी होते, बघ आई. आईने ऐकलं. तिची लोखंडी कढई माळ्यावर गेली. भाजी खरंच कमी तेलात व्हायला लागली, त्यात खोटं काही नाही.

पण नॉनस्टिकमध्ये खरपुडी धरत नाही. धरू नये म्हणूनच तर ते बनवलंय. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. एकदा फक्त जेवता जेवता म्हणाले, “कढई आण इकडे.” आईने आणून दिली. त्यांनी आत पाहिलं आणि तशीच परत केली.

अडीच-तीन वर्षांत त्या कढईचं कोटिंग निघायला लागलं. आई सराटा लोखंडीच वापरायची, मी लाकडी आणून दिलेला तर तो भिंतीवर टांगलेला. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सॲपवर याबद्दल बरंच भीतीदायक फिरतं. कोटिंगचा तुकडा चुकून पोटात गेला तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. खरी अडचण वेगळी आहे. ते कोटिंग साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं, आणि रिकामी कढई मोठ्या गॅसवर ठेवून आपण फोन उचलायला गेलो की ते तापमान काही मिनिटांत गाठलं जातं. म्हणजे नॉनस्टिक वाईट नाही, पण ते मंद आचेचं भांडं आहे, आणि आमच्या घरात मंद आच फक्त दुधाला मिळते.

म्हणून दिवाळीला मी स्टीलचा ट्रायप्लाय पॅन घेतला. २४ सेंटिमीटरचा, झाकणासकट, अडीच हजाराच्या आसपास. आईला वाटलं पोरगा वेडा झाला, अडीच हजारात तिच्या मते अर्धं लग्नाचं भांडं येतं. तरी खूश होती. पहिल्या दिवशी तिने त्यात बेसन केलं आणि ते भिंतीला प्लास्टर बसावं तसं बसलं. खरपुडी नव्हे, नुसतं काळं. दुसऱ्या दिवशी आलू, तेही चिकटले. तिसऱ्यांदा तिने पॅन घासला, पुसला आणि खोक्यात घालून ठेवला.

मी फोनवर म्हटलं, अगं सवय होईल. तर म्हणाली, “पस्तीस वर्षं झाले मले सयपाक करता. आता माहा हातच बिघडला वाटते.”

ती चेष्टेत बोलत नव्हती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. वस्तू मी आणली, वापरायची कशी ते मलाच माहीत नव्हतं, आणि चूक मात्र ती स्वतःच्या नावावर घेऊन बसली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो बरं का. युजरला जमलं नाही तर युजरच मठ्ठ.

पुढच्या शनिवारी मी पॅन अमरावतीला घेऊन आलो.

आता चिकटतं का, ते बघू. स्टील वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी अंडं, बेसन, पनीर यांच्यातली प्रथिनं गरम होताना धातूला धरून बसतात. थंड किंवा कोमट पॅनमध्ये टाकलं तर त्यांना धरायला भरपूर वेळ मिळतो. पॅन आणि तेल आधीच चांगलं तापलेलं असेल तर खालचा थर झटकन शिजतो, त्यातून निघणारी वाफ आणि तेल मिळून पदार्थ थोडा उचलून धरतात, आणि खालची बाजू तांबूस झाली की पदार्थ आपणहून सुटतो. म्हणजे चिकटल्यासारखा वाटला तर लगेच सराटा घालायचा नाही. मिनिटभर थांबायचं. आपण काय करतो? चिकटलं म्हणून घाबरून खरवडतो, आणि अर्धं वर, अर्धं खाली.

पॅन तापला हे कळणार कसं? मी इंजिनिअर माणूस, मी ऑनलाइन इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला. बंदुकीसारखा असतो तो. पॅनवर धरला तर दाखवतोय साठ-पासष्ट अंश, आणि तेलातून धूर निघून राहिला. बायको दारात उभी राहून हसते आहे. नंतर वाचलं तेव्हा कळलं: चकचकीत स्टील स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी बाहेर टाकतं, त्यामुळे हे यंत्र त्यावर भलतंच कमी तापमान दाखवतं. काळ्या तव्यावर ते बरोबर चालतं. स्टीलवर पैसे वाया.

फुकटातला उपाय म्हणजे पाण्याचा थेंब. रिकामा पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. बोटांनी पाणी शिंपडा. थेंब नुसता बसून राहिला तर पॅन थंड आहे. चर्र करून आटला तर अजून थांबा. थेंबाची गोळी होऊन पाऱ्यासारखी पॅनभर फिरायला लागली की झालं. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्या थरावर तरंगतो, म्हणून लगेच आटत नाही. योहान लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब टाकून हे लिहून ठेवलं, त्याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. आपल्याकडे धिरडं टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा हबका मारणाऱ्या आज्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

इथे दोन सूचना, आणि या मी भाजून घेऊन शिकलोय. एक, पाणी पूर्ण उडून जाऊ द्या, मग तेल. तापल्या तेलात पाण्याचा थेंब म्हणजे हातावर फोड. दोन, गोळी फिरते तेव्हा पॅन आपल्या घाण्याच्या फल्ली तेलासाठी जरा जास्तच तापलेला असतो. रिफाइंड तेल टिकतं, घाण्याचं लवकर धूर सोडतं. म्हणून गोळी दिसली की गॅस बारीक करा, अर्धं मिनिट जाऊ द्या, मग तेल टाका, पॅन फिरवून तेल सगळीकडे लावा आणि मग अंडं फोडा. पहिली सहा अंडी माझी वाया गेली. सातवं सुटलं. मी व्हिडिओ काढून आईला पाठवला. तिने निळी टिक दिली, उत्तर नाही.

मधल्या काळात मी अकोल्यात टिळक रोडवर भांड्यांची दुकानं फिरलो, कारण मला शंका यायला लागली होती की मी घेतलेला पॅन चांगला आहे की नाही. एका दुकानातल्या काकांनी गल्ल्यातून चुंबक काढलं, एका पातेल्याला लावलं. “हे पाय भाऊ, चिकटते का? नाही चिकटत. म्हणजे असली माल.” मग मी पिशवीतून माझा पॅन काढला. चुंबक बुडाला टपकन चिकटलं. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, बाप्पा.

ही चुंबकाची परीक्षा तुमच्या घरीही कोणीतरी सांगितली असेल. ती चुकीची आहे, आणि का ते नीट समजून घ्या, कारण इथेच पैसे जातात. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम. त्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर इतका पातळ थर बनतो की डोळ्यांना दिसत नाही, आणि तो गंज अडवतो. ओरखडा पडला तर पुन्हा बनतो. नॉनस्टिकशी तुलना करायची तर इथे करा. आता भांड्यांत तीन जाती सापडतात. ३०४, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. डब्यावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच. निकेलमुळे त्याला चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग. म्हणून २०० च्या मालिकेतली स्टील आली, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्यांनाही चुंबक चिकटत नाही! गंजाला ती ३०४ पेक्षा कमी टिकतात. तिसरी जात ४३०, निकेल जवळपास नाहीच, चुंबक चिकटतं, आणि तरी ती सरळ स्टेनलेस आहे.

ट्रायप्लाय म्हणजे तीन थर. आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३०. बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणारा ठेवतात, नाहीतर इंडक्शन शेगडीवर पॅन तापणारच नाही. म्हणजे काकांच्या परीक्षेत चांगला पॅन नापास आणि स्वस्त पातेलं पास.

पण ग्रेडपेक्षाही मोठी गोष्ट मधला थर आहे. स्टील उष्णता पसरवण्यात अगदीच ढ. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरा पट वेगाने उष्णता पुढे देतं. नुसत्या पातळ स्टीलच्या पॅनमध्ये काय होतं ते तुम्ही पाहिलंय: गॅसच्या जाळाच्या आकाराचं काळं कडं, आणि मधे कच्चं. म्हणजे गंमत बघा, ज्या ‘जर्मन’च्या भांड्याला आपण गरिबाचं म्हणून मागे टाकलं, तेच ॲल्युमिनियम स्टीलच्या पोटात घालून अडीच हजाराला परत विकत घेतो. पण स्टील वर असल्यामुळे फायदा असा की आंबाडीची भाजी, चिंचेचं सार, कढी, काहीही आंबट टाका, धातूची चव उतरत नाही. जर्मनच्या गंजात आंबाडी करून बघा, चव आणि गंज दोन्ही बिघडतात.

दुकानात दोन प्रकार दिसतील. एकात ॲल्युमिनियम फक्त बुडाला चकतीसारखं लावलेलं, दुसऱ्यात ते कडेपर्यंत गेलेलं. पातळ भाजी, वरण, चहा यांना चकतीवाला पुरतो आणि स्वस्तही पडतो. परतायचं, भाजायचं असेल तर कडेपर्यंतचाच घ्या, नाहीतर चकती संपते तिथे नेमकं जळतं. आणि हातात घेऊन बघा. पूर्वी स्टीलची भांडी किलोवर मिळायची, आजही बऱ्याच दुकानांत तराजू असतो, आणि त्या तराजूवर माझा चकाकीपेक्षा जास्त विश्वास आहे. दांडा रिव्हेटने ठोकलेला आहे का बघा. खाली आयएसआयचा शिक्का बघा. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो बंधनकारक करणारा आदेश काढलाय, स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६. नुसतं ‘३०४’ कोरलेलं असणं हा पुरावा नाही. ते तर लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकायच्या मशीननेही कोरता येतं.

आणि पैसे नसतील तर? बाजारातून जाड लोखंडी तवा घ्या. खरंच. स्वस्त, पसरट, पिढीभर पुरणारा. पातळ स्टीलचा चकचकीत पॅन घेऊन फसण्यापेक्षा हजार पटीने बरा.

तर डिसेंबरात मी पॅन परत अकोल्याला नेला, पूर्ण तयारीनिशी. आईला म्हटलं, तू बस, मी करतो बेसन. थेंब टाकला, गोळी फिरली, तेल, मोहरी, जिरं, लसूण, कांदा, तिखट, सगळं छान. मग पाणी टाकलं, उकळी आली, बेसन वैरलं, आणि पाच मिनिटांत बुडाला चर्र चर्र आवाज. चिकटलं. परत प्लास्टर.

इथे माझं सगळं ज्ञान संपलं. कारण थेंबाची युक्ती अंड्याला चालते, आलूला चालते, पण बेसनात आधी पाणीच पडतं, त्यामुळे सुरुवातीचा तापलेला पॅन कामाचा राहत नाही. पीठ फुगून खळीसारखं बुडाला बसतं.

आई उठली. माझ्या हातातून सराटा घेतला. म्हणाली, “एवढा काहून जाळ लावला? हे भांडं ताप सोडत नाही न. दुधासारखं धर त्याले.” तिने ते काढून टाकलं, पॅन धुतला, पुन्हा सुरुवात केली. फोडणी झाल्यावर गॅस अगदी बारीक. बेसन थोडं थोडं वैरत, घट्ट होईपर्यंत हात थांबवला नाही. मग पसरवून दाबलं, कडेने अर्धा चमचा तेल सोडलं, झाकण घातलं. सात-आठ मिनिटांनी खमंग वास आला तसा गॅस बंद केला आणि मी झाकण उचलायला गेलो तर हातावर चापट. “उघडू नको. पडू दे तसंच.”

पाच-सात मिनिटं ते तसंच पडलं. आतली वाफ झाकणाला लागून खाली उतरली, बुडाचा पापुद्रा थोडा नरम पडला. मग तिने सराटा कडेने घातला आणि खरपुडी सुटली. अख्खी नाही, तीन-चार तुकड्यांत, पण तांबूस.

मी विचारलं, हे तुला आधी कसं नाही सुचलं? तर म्हणाली, गावी सासूबाई चुलीवर बेसन करायच्या तेव्हा शेवटी गंज वैलावर सरकवून झाकून ठेवायच्या. गॅस आला, मग नॉनस्टिक आलं, त्याची गरजच राहिली नाही. “इसरली होती मी.” एवढंच बोलली आणि भाकरी थापायला बसली.

तेलाचं खरं सांगतो, कारण बाबांचा प्रश्न आहे. स्टीलला नॉनस्टिकपेक्षा तेल थोडं जास्तच लागतं, कोणी काहीही सांगो. आई आता चहाच्या चमच्याने मोजून टाकते आणि तेलाचा डबा महिन्याला किती रिकामा होतो ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. भाज्या अजूनही बऱ्याचदा उरलेल्या एका नॉनस्टिक तव्यावर होतात. धिरडीही तिथेच. भाकरीला लोखंडी तवा. पॅन बेसनाला, आंबाडीला, आलूला आणि मी घरी असलो की अंड्याला.

घासायचं म्हणाल तर चिकटलेल्या पॅनमध्ये पाणी घालून दोन मिनिटं उकळा, लाकडी सराट्याने सुटतं. जास्त तापून निळे-जांभळे डाग पडले तर घाबरू नका, तो वरचा थर जाड झालेला असतो, लिंबाने किंवा व्हिनेगरने जातो. पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे, तेही तसेच जातात. एक मात्र जात नाही. माझी मावशी दर्यापूरकडे राहते, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा, विहिरीला पाणी लागलं तरी खारं. तिच्या जुन्या स्टीलच्या गंजांना आतून सुई टोचल्यासारखी बारीक छिद्रं पडलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. मिठातलं क्लोराइड तो पातळ थर जागोजागी फोडतं, आणि ते छिद्र भरून येत नाही. म्हणून खारं पाणी रात्रभर पॅनमध्ये ठेवू नका, आणि थंड पाण्यात मीठ टाकून ते बुडाला बसू देऊ नका. उकळी आली की टाका आणि हलवा.

परवाच्या शनिवारी पोचलो तर ताई पोरांना घेऊन आलेली. बेसन झालं, झाकण उघडलं आणि बाबांनी काही न बोलता पॅन स्वतःकडे ओढला. पोरं ओरडायला लागली. बाबा म्हणाले, थांबा, मी वाटून देतो. ताई आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

आता आईची तक्रार वेगळी आहे. २४ चा पॅन पुरत नाही, सहा माणसं आली की दोनदा करावं लागते म्हणते. २८ सेंटिमीटरचा बघून राहिलो. पण आमच्या शेगडीचे जाळ लहान आहेत आणि एवढा मोठा पॅन त्यावर कडेपर्यंत तापेल का, याची शंका आहे. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर थेंब टाकून बघा, मधे आणि कडेला, आणि मला कळवा. चला, भेटू.